दुसऱ्या ग्लासातला घोट

दुसऱ्या ग्लासातली बिअर मी तोंडात घेतली, जिभेवर फिरवली, आणि उठून कोपऱ्यातल्या मोरीच्या जाळीत थुंकले.

टेबलाभोवती आम्ही चौघं होतो. सगळ्यांचं चाखून होईपर्यंत बोलायचं नाही असा नियम, म्हणून कुणी काही बोललं नाही. घोलप सरांनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचाच धडा मोडला होता. वाईनवाले थुंकतात, बिअरवाल्यानं गिळायचं. कडूपणा जिभेवर अर्धाच कळतो, उरलेला घशात कळतो. "थुंकायचं असेल तर पानटपरी टाका," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. मलाही सांगितलं होतं, आणि त्यानंतर मी कधी थुंकले नव्हते.

जागेवर येऊन मी पाणी प्याले, अळणी बिस्कीट चावलं आणि तोच ग्लास पुन्हा नाकाशी नेला. वास तोच होता. पावसात भिजलेले मोजे पिशवीत बांधून विसरावेत आणि बऱ्याच दिवसांनी पिशवी उघडावी, तसा. त्याच्यामागे खवट खोबरं.

ही गोष्ट मुंढव्यातली, बारा वर्षांपूर्वीची. रणजितदादा ढमढेऱ्यांच्या वडिलांचं तिथं मंगल कार्यालय होतं. दादांनी ते मोडून बिअर गाळायचा कारखाना आणि पुढे बसून प्यायची जागा असं काढलं. पंगतीच्या हॉलमध्ये तांब्याचे हंडे बसले. वधूपक्षाच्या खोलीची कोल्ड रूम झाली. घोलप सर मुख्य ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांचे प्रमुख. उमेदीची सगळी वर्षं लागर बिअर बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात काढून आलेला माणूस. त्यांच्या हाताखाली मी, वृंदा धनवटे, आणि माझ्याहून लहान निनाद.

आमच्या नावाची एक कायमची बिअर ठरवायची होती. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ते तेच; यीस्ट तेच, पाणी तेच. प्रश्न फक्त हॉपचा होता. हॉप म्हणजे एका वेलाची फुलं. बिअरला कडूपणा आणि वास त्यांच्यामुळे येतो. आमच्याकडे ती परदेशातून यायची, वाळवून, दळून, पेंडीसारख्या हिरव्या गोळ्या करून, हवा काढलेल्या चंदेरी पिशव्यांत. दोन जाती शेवटपर्यंत टिकल्या होत्या. कॅस्केड, जिला पपनसाच्या सालीचा वास असतो, आणि मोझॅक, जिला पिकल्या आंब्याचा, पेरूचा असतो. दोन्हींची थोडीथोडी बिअर बनवून ग्लासांवर नुसते आकडे चिकटवले होते.

हॉप ठरला की नाशिकला दादांची दुसरी जागा सुरू होणार होती आणि तिथली मुख्य ब्रुअर मी असणार होते. दादांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला ते इतकं हवं होतं की नाशिकमधल्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती मी कापून ठेवायला लागले होते.

"बोल निनाद," सर म्हणाले. वयानं लहान त्यानं आधी बोलायचं, म्हणजे मोठ्याच्या मताचा दाब येत नाही, हा त्यांचाच नियम.

"पहिला चांगला आहे. साफ आहे. दुसऱ्यात..." त्यानं ओझरतं दादांकडे पाहिलं. "दुसऱ्यात आंबा आहे. भरपूर. माझं मत दुसऱ्याला."

"वृंदा?"

"दुसरा खराब आहे."

"आवडला नाही?"

"आवडीचा प्रश्न नाही, सर. हॉप जुना आहे, उष्णतेत राहिलाय. ओल्या मोज्यांचा वास मारतोय. माझी हरकत आहे."

हरकत हा आमच्याकडे साधा शब्द नव्हता. चौघांपैकी एकानं जरी दोष आहे म्हणून हरकत घेतली तरी तो हॉप बाद. हाही नियम घोलप सरांचाच. चौघांत एका नाकाला दोष कळला, तर गिऱ्हाइकांत दर चौथ्या माणसाला कळणारच, असा त्यांचा हिशेब.

"मोजे?" दादा मोठ्यानं हसले. त्यांनी दुसरा ग्लास उचलून तळापर्यंत रिकामा केला. "अगं, मला तर देवगड हापूस येतोय. निनादला आंबा, मला आंबा आणि हिला मोजे! सर, आता तुम्हीच सांगा."

सरांनी ग्लासाला हात लावला नाही. त्यांचं चाखून झालं होतं. म्हणजे झालं असावं, कारण मी त्या वेळी जाळीपाशी पाठमोरी होते.

"वृंदा," ते हळू आवाजात, फार मायेनं म्हणाले, "तू गिळली नाहीस."

"गिळवेना."

"सकाळपासून मळमळतंय का गं?"

मी उत्तर द्यायच्या आत दादांनी टेबलावर थाप मारली. ग्लास थरथरले.

"अरे तिच्या! लग्नाला वर्ष होत आलं ना हिच्या? घोलप, तुम्ही पण काय माणूस आहात, आधी सांगायचं! पोरगी गोड बातमी पोटात घेऊन बसलीये आणि आपण मोजे शोधतोय!"

"दादा, तसं काही नाहीये."

"बरं बरं. पहिले तीन महिने सांगायचं नसतं, कळतं आम्हाला. आम्ही काही ऐकलंच नाही. निनाद, तू ऐकलंस काही?"

"नाही दादा." निनाद कानापर्यंत लाल झाला होता.

"सर, हरकतीचं काय?" मी विचारलं.

"अशा दिवसांत नाक फार तेज होतं, बाळा. आमच्या हिला भाताची वाफसुद्धा सोसायची नाही. माझ्या धुतलेल्या शर्टाचा वास यायचा तिला."

"तेज होतं म्हणजे जास्तच कळत असेल ना?"

"जास्त कळतं. खरं कळतं असं नाही." त्यांनी माझ्यापुढचा ग्लास स्वतःकडे ओढून घेतला. "हरकत घेतलीच नाहीस असं धरू. तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय."

मी कोल्ड रूममध्ये गेले. मोझॅकची एक पिशवी फोडून गोळ्या तळहातावर घ्यायच्या, दोन्ही हातांनी चोळायच्या आणि गरम झालेल्या चुऱ्यात नाक खुपसायचं. हॉपचं खरं-खोटं तिथं होतं. आत गेले तर मागच्या भिंतीला खोक्यांची थप्पी लागली होती. छतापर्यंत. सगळ्या खोक्यांवर मोझॅक.

निनाद मागून आला.

"ही कधी आली?" मी विचारलं.

"तुम्ही मिरजेला गेला होता ना, तेव्हा. दादांच्या मित्राच्या गोदामातून. सर स्वतः जाऊन बघून आले होते."

"म्हणजे ठरलंच होतं. मग आज चाखलं कशाला?"

"ते मला काय माहीत, ताई."

मी पिशवी हातात घेतली. हवा काढलेली पिशवी विटेसारखी कडक लागते. ही मऊ होती, आत हवा शिरली होती. गोळ्या हिरव्या नव्हत्या, वाळल्या शेणीच्या रंगाच्या होत्या. मी चोळल्या आणि हात त्याच्या नाकापुढे धरले.

तो मागे सरकला. "शी!"

"मघाशी आंबा होता ना?"

"मघाशी खरंच आंबा आला, ताई. शप्पथ." मग तो म्हणाला, "म्हणजे, आदल्या दिवशी दादा म्हणाले होते, बघ, आंबा येईल म्हणून."

मी त्याच्यावर रागावले नाही. कानात घातलेला वास नाकात येतो, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे; म्हणूनच तर एवढे नियम. हात मी तीनदा धुतले. रात्री पोळी मोडताना तो वास बोटांना होताच.

त्याच आठवड्यात मिरजेहून सासूबाईंचा फोन आला. "मला परक्या बाईकडून कळावं का गं हे?" त्यांचा आवाज रडवेला होता. दादांच्या बायकोनं, नलिनीवहिनींनी, माझ्या लग्नपत्रिकेवरचा नंबर शोधून त्यांचं अभिनंदन केलं होतं. मी म्हटलं, आई, काही नाहीये. त्या म्हणाल्या, नसू दे, नसू दे, मी कुणाला सांगत नाही. फोन ठेवल्यावर मंदारनं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "नक्की नाहीये ना?" मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो स्वयंपाकघरात निघून गेला.

सोमवारी दादांनी केबिनमध्ये बोलावलं. काचेची केबिन, बाहेरून सगळं दिसायचं. आत नलिनीवहिनी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ताट होतं, ताटात खण, नारळ, गहू, पाच फळं. घोलप सर खिडकीशी उभे होते.

"ये, बैस," वहिनी म्हणाल्या. "पदर नाहीये का? असू दे, ओढणी पुढे कर."

"वहिनी, मी गरोदर नाही."

"अगं, असं तोंडानं बोलू नये."

"मी खरं सांगतेय."

"सगळ्या असंच सांगतात. मीही सांगत होते." त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओढणीत नारळ टाकला. माझ्या अंगावर कामाचा डगला होता, पायांत रबरी बूट होते. काचेपलीकडे हंड्याची वाफ निघत होती आणि बारमधली दोन माणसं उभी राहून बघत होती. मी नारळ धरून ठेवला, कारण सोडला असता तर पायावर पडला असता.

"आता नाशिकचं," दादा म्हणाले. "निनाद जाईल. तिथं एकटीनं राहायचं, माल्टची पोती उचलायची, गरम पाण्यात वावरायचं. अशा अवस्थेत पाठवलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. बाळंतपण होऊ दे, मग बघू. तुझी जागा इथं आहेच."

"आणि मोझॅक?"

"ठरला की तो."

"माझी हरकत आहे त्याला."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी ताट घेऊन बाहेर गेल्या. दरवाजा लागल्यावर ते पुढे झुकले आणि खाजगीतलं बोलावं तसं म्हणाले, "हे बघ, मी तुला बहिणीसारखं विचारतो. त्या दिवशी तुझं काय चालू होतं? म्हणजे, पाळी कधी होती? नाही, मी नेटवर वाचलं, त्या दिवसांतपण बायकांना वास वेगळे येतात."

मी घोलप सरांकडे पाहिलं. ते खिडकीतून पार्किंग बघत होते.

"म्हणजे दिवस गेले असतील तर माझं नाक चुकीचं," मी म्हटलं, "आणि पाळी आली असेल तरी चुकीचं."

"चुकीचं म्हणत नाही गं मी. धरता येत नाही म्हणतोय."

"आणि दोन्ही नसेल तर?"

"तर धरू की. का नाही धरणार? नियम म्हणजे नियम." ते खुर्चीत मागे रेलले. "औषधाच्या दुकानात ती पट्टी मिळते ना? करून आण. आपल्याकडे सगळं टेस्ट करूनच ठरतं."

ते हे गमतीनं म्हणाले की खरंच, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ते खरंच म्हटल्यासारखं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारमधून चाखायचा एक स्वच्छ ग्लास घेतला. त्यात पट्टी उभी ठेवली. ग्लासावर आकडा चिकटवला, तीन. आणि तो दादांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. घोलप सर समोर बसले होते.

"हे काय?"

"सॅम्पल. तुम्ही मागितलं होतंत."

काय आहे ते दादांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते खुर्चीसकट मागे सरकले.

"छी! छी! अगं, खायच्या-प्यायच्या जागी काय आणून ठेवतेस? लाज नाही वाटत? उचल ते!"

"आधी बघा. एकच रेघ आहे. एक म्हणजे नाही. आणि पाळी तुम्ही विचारलीत म्हणून सांगते, चाखायच्या दिवशी ती येऊन गेलेली होती, दहा दिवस आधीच. आता हरकत धरा."

दादांनी चहाचा कप दूर सारला. त्यांना किळस आली होती, अगदी मनापासून. मोज्यांच्या वासाची बिअर तळापर्यंत पिणारा हा माणूस कोरड्या कागदाच्या पट्टीकडे बघून तोंडाला रुमाल लावत होता.

"सर, तुम्ही सांगा हिला," ते म्हणाले.

घोलप सरांनी चष्मा काढून पुसला. "लवकर केली की चुकते ती," ते म्हणाले. "आमच्या थोरल्या सुनेचं तसंच झालं होतं. दोनदा नाही आलं, तिसऱ्यांदा हो." माझ्याकडे न बघता, त्याच मायेच्या सुरात ते पुढे म्हणाले, "एवढं लावून घेऊ नकोस, बाळा. आत्ता विश्रांती महत्त्वाची."

मी ग्लास उचलला आणि बाहेर आले. तो ग्लास मी फोडून टाकला. कारण कुणीतरी तो धुऊन परत फळीवर ठेवला असता.

मोझॅकची पहिली मोठी खेप लागली. मी राजीनामा दिला होता, पण लगेच काम सोडलं नाही. नोटिशीचा महिना भरत होते, आणि त्या महिन्यात हंडे घासण्यापासून तापमान टिपण्यापर्यंत सगळं केलं. लोक माझ्या हातातली बादली काढून घ्यायचे. बसायला स्टूल आणून द्यायचे. बारमधल्या एकानं चिंचा आणून दिल्या. कुणी वाईट नव्हतं. सगळे चांगलेच वागत होते आणि त्या चांगुलपणाचा मला कोल्ड रूममधल्या त्या गोळ्यांसारखा वास यायचा.

बिअर खपली, हेही सांगायला हवं. ती बर्फासारखी थंड देत, वर संत्र्याची चकती लावत आणि पाटीवर आंब्याचं चित्र होतं. काही लोकांनी अर्धा ग्लास तसाच ठेवला. बऱ्याच लोकांनी दुसरा मागवला. माझं खरं ठरलं आणि सगळे तोंडावर पडले, असं काही घडलं नाही. निनाद नाशिकला गेला आणि त्यानं तिथं वाईट काम केलं असं मी ऐकलेलं नाही.

आता मी दुसऱ्यांसाठी बिअर बनवते. चाखायच्या टेबलाखाली माझ्याकडे एक बादली असते. कुणी थुंकलं की मी फक्त एवढंच विचारते, कितवा ग्लास?

त्याचं कारण माझ्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आहे.

जेवणाची वेळ टळून गेली होती, बार रिकामा होता. मी माल्ट दळायच्या यंत्रामागे बसून त्याचे रूळ साफ करत होते. घोलप सर आले. मी आहे हे त्यांना दिसलं नाही. ते टाकीपाशी गेले आणि नमुन्याची तोटी उघडून त्यांनी ग्लासात थोडी बिअर घेतली. दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाइकांपुढे जायची होती आणि शेवटचा घोट मुख्य ब्रुअरनं घ्यायचा, त्यानं मान हलवली की टाकी बारला जोडायची, अशी आमची पद्धत.

त्यांनी ग्लास उजेडात धरला. रंग पाहिला, फेस पाहिला. मग नाकाशी नेला आणि पटकन खाली घेतला. इकडे तिकडे बघितलं. पुन्हा वर नेला, एक घोट घेतला. त्यांचे गाल हलले. गळा हलला नाही.

तोंड मिटून, पावलं लांब टाकत ते कोपऱ्यातल्या जाळीपाशी गेले, वाकले आणि थुंकले. एकदा नाही, तीनदा. मग नळाखाली ओंजळ धरून चूळ भरली, आणि जीभ बाहेर काढून रुमालानं पुसली.

मी यंत्रामागून उठले. रबरी बुटांचा आवाज झाला. ते वळले. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, रुमाल तसाच हातात होता. तिथं आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं.

त्यांच्या बोलण्यातली माया मला पाठ झाली होती. तोच सूर लावायला मला फार प्रयत्न करावा लागला नाही.

"सर," मी विचारलं, "कितवा महिना?"

त्यांनी भिंतीवरची नळी उतरवली, नळ पूर्ण सोडला आणि जाळीवर पाणी मारायला लागले. बराच वेळ मारत होते. मग नळी टाकून टाकीपाशी गेले, आणि टाकी त्यांनी बारला जोडली.